आवाज की-बोर्डवर चढवताना या चुका टाळा

फोंड्याच्या घरी आत्याचा ‘आ’कार मी पहिल्यांदा रेकॉर्ड केला तो ऐन आषाढात. कौलांवर पाऊस, डोक्यावर पंखा. नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा दोन्ही खटकले नाहीत. सॅम्पलरमध्ये, म्हणजे एकच रेकॉर्डिंग (सॅम्पल) की-बोर्डच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून तीन पट्ट्या एकदम दाबल्या, तर तीन आत्यांबरोबर तीन पंखेही वाजू लागले. सॅम्पलर गळा आणि गोंगाट यांत फरक करत नाही. विजेची ५० हर्ट्‌झची घरघर वरच्या सप्तकात १०० हर्ट्‌झची होऊन येते. नॉइज काढणारं प्लगइन लावलं तर आत्या पत्र्याच्या डब्यात बसून गातेय असं वाटायला लागलं. शेवटी पावसाची उघडीप बघून, पंखा बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर दहा मिनिटांत काम झालं.

आत्या भजनातली. ‘आ’ म्हण म्हटलं की आधी मींड, मग हरकत. कान तृप्त, पण सॅम्पल फुकट. इथे चार-पाच सेकंद सरळसोट सूर हवा. गळ्यातला कंप सॅम्पलमध्ये राहिला तर एक सप्तक वर तो दुप्पट वेगाने थरथरतो. कंप हवाच असेल तर नंतर सिंथच्या एलएफओने (सूर ठरावीक वेगाने वर-खाली हलवणाऱ्या सोयीने) द्यावा.

खरी गोची लूपची, म्हणजे सूर लांबवायला पुन्हा पुन्हा फिरवायच्या तुकड्याची. पट्टी दाबून धरली की टक्‌-टक्‌ ऐकू येतं, कारण लूपचं टोक आणि सुरुवात यांची लाट जुळत नाही. दोन्ही टोकं लाट शून्यरेषा ओलांडते तिथे, आणि एकाच दिशेने ओलांडते तिथे ठेवा. आत्याचा षड्ज काळी चार, म्हणजे सुमारे २०७.७ हर्ट्‌झ; रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल रेट) असतील तर लाटेचं एक आवर्तन साधारण २१२ नमुन्यांचं. लूपमध्ये अशी पूर्ण आवर्तनं बसली पाहिजेत. पण म्हणून एक-दोन आवर्तनांवरच भागवू नका, तसं केलं तर गळा जाऊन भोंगा उरतो. मी सेकंदभराचा लूप घेतो आणि थोडा क्रॉसफेड देतो, म्हणजे टोक आणि सुरुवात एकमेकांत विरघळवतो. तोही मधल्या स्थिर भागातून. शेवटाकडे दम संपत आलेला असतो, तो भाग फिरवला की आवाज दर फेरीला हेलकावे खातो.

वाजवलं पांढरी एक, आलं काळी चार? रूट नोट, म्हणजे सॅम्पल मूळ कुठल्या पट्टीचं हे सांगणारा मिडी क्रमांक, बदलायची राहिली. बरेच सॅम्पलर ती ६० धरून चालतात. आत्याचा सूर ५६ वर. आणि नावावर विसंबू नका, आकडा बघा: ६० ला कुणी सी३ म्हणतं, कुणी सी४, त्यात अख्खं सप्तक चुकतं.

एकाच सॅम्पलवर सगळा की-बोर्ड ताणला तर वर बाहुली, खाली राक्षस. सुराबरोबर तोंडातली घुमारही सरकते, त्याचा हा परिणाम. दर तीन-चार अर्धस्वरांवर नवा ‘आ’ घ्या. राक्षसच हवा असेल तर गोष्ट वेगळी. मला तो कधीकधी आवडतो.

सुरुवातीची शांतता कापा, नाहीतर बोट आधी आणि सूर मागून. रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) शून्यावर असेल तर पट्टी सोडताच सूर तुटतो. २००-३०० मिलिसेकंद ठेवून बघा. मात्र चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट या गोव्याच्या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीत वाजवणार असाल तर तो कमी करा, दुगणीत सूर एकमेकांवर चढतात.