घडीच्या पत्रकाचं प्रूफ: छापखान्याकडून काय मागावं, कसं तपासावं

छपाईआधी तपासायला छापखान्यातून प्रूफ म्हणून पीडीएफ येते, सोबत "बघून ओके कळवा" असा निरोप असतो. आपण शुद्धलेखन बघतो आणि ओके कळवतो. एकपानी पत्रकाला एवढं पुरतं. घडीच्या पत्रकाला पुरत नाही, कारण पडद्यावर दिसतात ती दोन सपाट पानं. घडी कुठे पडणार, कोणता भाग आत जाणार, मागची बाजू उलटी तर छापली जाणार नाही ना, यातलं काहीच तिथे कळत नाही.

सुरुवात कोऱ्या कागदाने करा. तो खऱ्या मापाला कापा, घड्या घाला आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीने लिहा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आत दुमडणारा भाग वगैरे. ही डमी फाइलसोबत द्या. "तीन घड्यांचं पत्रक" असं नुसतं तोंडी सांगितलं, तर कुणी खरोखर तीन घड्या समजतं, कुणी तीन भाग, म्हणजे दोनच घड्या.

सगळ्यात जास्त गफलत मापांत होते. आडवा ए-फोर 297 मिमी रुंद, म्हणून 99 मिमीचे तीन सारखे भाग पाडावेसे वाटतात. पण आत जाणारा भाग थोडा अरुंद नसेल तर तो घडीत अडतो आणि कागद फुगतो. म्हणून 100, 100 आणि 97 अशी विभागणी करतात. आतल्या बाजूला डावीकडून हा क्रम असेल, तर बाहेरच्या बाजूला तो 97, 100, 100 असा उलटा होतो. एकच आखणी दोन्ही बाजूंना वापरली की घडी मजकुरावर चढलीच म्हणून समजा. झेड घडीत (भाग इंग्रजी Z सारखे उलटसुलट दुमडतात) मात्र तिन्ही भाग सारखे चालतात. छापखान्याची स्वतःची आखणी असेल तर तीच घ्या. घडीच्या खुणा कटिंगच्या बाहेर ठेवा आणि ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग किंवा चित्र) साधारण 3 मिमी सोडा.

आता प्रूफ. दर ठरवतानाच स्पष्ट सांगा: पाठपोट छापलेलं, कापलेलं, घडी घातलेलं आणि ज्या कागदावर काम होणार त्याच कागदावरचं प्रूफ हवं. पातळ कागदावरच्या प्रूफवरून जाड आर्टकार्डाची घडी कशी बसेल ते कळत नाही. ते जमत नसेल तर निदान त्या कागदाची कोरी डमी मागा. जाड कागदाला घडीआधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच) लागतं, आणि कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर असलेला बरा; नाहीतर घडीवर शाई तडकते. या दोन्ही गोष्टी विचारून घ्या. काम ऑफसेटवर (प्लेटवरून होणाऱ्या छपाईवर) आणि प्रूफ डिजिटल मशिनचं असेल, तर त्यावरून रंग पक्के धरू नका.

प्रूफ हातात आलं की लगेच वाचायला बसू नका. आधी ते वाचकासारखं उघडा, मिटा. भाग योग्य क्रमाने समोर येतात का? पट्टीने प्रत्येक भाग मोजा. उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंच्या कडा जुळतात का बघा. घडीवर गडद रंग असेल तर चार-पाच वेळा उघडमीट करा. पांढरी रेघ उमटली तर लॅमिनेशनबद्दल बोलायला हवं. मजकूर त्यानंतर.

एक गोष्ट सहसा सुटते. प्रूफची घडी बहुधा हाताने, जपून घातलेली असते. मशिनची घडी थोडी सरकते. दोन रंगांची हद्द नेमकी घडीवर असेल तर प्रूफ सुरेख दिसतं आणि प्रत्यक्षात कडेला परक्या रंगाची बारीक पट्टी डोकावते. मशिनची घडी किती सरकू शकते ते विचारा आणि रचना त्या बेताने बदला.

दुरुस्त्या प्रूफवरच लिहा आणि माप किंवा क्रम बदलला तर नवं प्रूफ घ्या. शेवटच्या प्रूफच्या दोन प्रतींवर तारखेसह सही करा. एक छापखान्याकडे, एक आपल्याकडे. छपाईनंतर घडीच्या मशिनमधून निघालेले पहिले काही नग त्या प्रतीशी ताडून पाहू द्या, असंही आधीच सांगून ठेवा. त्या वेळी बाकीचा गठ्ठा सपाटच असतो आणि मशिनची जुळणी अजून बदलता येते.