स्लाइस कसा गेला, माझा अनुभव

पुण्यात नोकरीले असताना गोल्फचा नाद लागला, आता गावी आलो तं सोयाबीन निघालेल्या वावरातच सेव्हन आयर्न हा क्लब (गोल्फची काठी) फिरवतो, लोकं हसतात, हसू द्या. प्रॉब्लेम एकच, स्लाइस, म्हणजे दहातले सात बॉल उजवीकडे वळून धुऱ्यापलीकडं काकाच्या पऱ्हाटीत, अन् 42.67 मिलिमीटरचा पांढरा बॉल फुटलेल्या कापसात शोधून दाखवा बरं!

मले वाटे ताकद कमी पडते, म्हणून अजून जोर लावू तसा स्लाइस वाढे. शेवटी मोबाईल बाभळीले बांधून मागून व्हिडिओ काढला तवा दिसलं, क्लब खाली येताना बाहेरून आत कापत येते अन् फेस (क्लबची बॉलले लागणारी बाजू) त्या रेषेच्या मानानं उघडा राहते, उजवी फिरकी त्यानंच भेटते. मी उजव्या हाताचा, तं डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवला, वरून बोटांची दोन-तीन हाडं दिसतील इतका. मग बॉलच्या पलीकडं, जरासं मागं, खताची रिकामी थैली गुंडाळून ठेवली, चुकलं की क्लब थैलीलेच लागते. पंधरा दिवस फक्त अर्धा स्विंग, रोज तीस बॉल.

आता दहातले दोन-तीनच जातात. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, मात्र अजून रडगाणंच. काकानं वेचणीवाल्या बायांना सांगून ठेवलं आहे, बॉल भेटला तं बांधावर ठेवा.