अकरा वर्षांनी कन्फेशनला जायचं असेल तर

बहिणीचा मुलगा जहाजावर असतो. डिसेंबरात त्याचं लग्न आहे आणि फादरांनी दोघांनाही सांगितलंय की लग्नाआधी कन्फेशन करून या, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करून देवाची क्षमा घेऊन या. त्याचा फोन आला, "मावशी, बारावीनंतर मी गेलोच नाही गं. गुडघे टेकून पहिलं वाक्य काय म्हणायचं तेच विसरलो. आणि तुला म्हणून सांगतो, थोडी भीती वाटते."

मी वसईत वीस वर्षं रविवारी कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण देते. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण असा फोन करायला प्रत्येकाला मावशी असतेच असं नाही. आणि मी स्वतः अकरा वर्षं गेले नव्हते, त्यातली सहा तर मुलांना 'कन्फेशन कसं करावं' हे फळ्यावर लिहून शिकवत असताना. त्यामुळे मला ह्यातलं जरा जास्त कळतं असं समजा.

आधी शब्दाचं. आमची आजी ह्याला कुमसार म्हणायची, पोर्तुगीजांच्या वेळेपासून चालत आलेला शब्द. पुस्तकात प्रायश्चित्त संस्कार. तोंडात मात्र कन्फेशनच बसलंय, मीही तेच वापरते.

पहिली तयारी घरी, आदल्या रात्री. एक चिठ्ठी घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. घरात कोणीतरी 'चार्जर कुठाय' म्हणून फोन उचलतंच. दहा आज्ञा समोर ठेवा आणि एकेक वाचत जा. इथे बहुतेक लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, मी खून केला नाही, चोरी केली नाही, मग माझ्याकडे सांगायला काय आहे? दुसरा म्हणतो, माझं सगळंच पाप आहे. दोघांच्याही चिठ्ठीवर शेवटी काहीच उतरत नाही.

म्हणून फरक समजून घ्या. आदिपाप, म्हणजे आदाम-एवेपासून आलेलं, ते तुमच्या चिठ्ठीत नको. ते तुम्ही केलेलं नाही, त्या अवस्थेत आपण जन्मतो आणि स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, ते धुतलं जातं. राहतो तो वाकडेपणा, चुकीकडे कलण्याची खोड. त्या खोडीतून आपण स्वतः जे करतो ते आपलं. त्यातही दोन प्रकार. मरणकारक पाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे तुम्हाला ठाऊक हवं, आणि तरीही तुम्ही स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ते त्या वर्गात बसत नाही. सासूवर चिडून दार आपटलं, ते हलकं पाप. सासूच्या औषधांचे पैसे विचारपूर्वक खिशात घातले, ते मरणकारक ठरायला फार विचार करावा लागणार नाही. हलकी पापं सांगायची सक्ती नाही, सांगितली तर चांगलंच. मोठी मात्र सगळी सांगायची, आणि अंदाजे किती वेळा तेही. 'बऱ्याचदा' हा आकडा नाही. 'महिन्यातून एकदा, साधारण दोन वर्षं' हा आकडा आहे.

वर्षातून निदान एकदा तरी मोठी पापं सांगावीत, हा नियम 1215 सालच्या लॅटरन परिषदेपासूनचा, म्हणजे चर्चच्या धर्माध्यक्षांच्या मोठ्या सभेपासूनचा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ 'ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम' असा झालाय. मी त्या दिवशी जाऊ नका असंच सांगेन. शेजारच्या धर्मग्रामांतून, म्हणजे पॅरिशांतून, पाच-सहा फादर येऊन बसलेले असतात हे खरं, पण रांग बाहेर फाटकापर्यंत असते, मागची बाई तुमच्या पाठीवर श्वास सोडत असते आणि तुम्ही चौथ्या पापाला पोहोचेपर्यंत घाईला आलेले असता. जो बऱ्याच वर्षांनी येतोय त्याने साध्या शनिवारी संध्याकाळी, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, अर्धा तास आधी जावं. किंवा फोन करून वेळ मागावी. फादर नाही म्हणत नाहीत.

ओळखीच्या फादरांकडे लाज वाटते? दुसऱ्या चर्चमध्ये जा. वसईत निम्मे लोक हेच करतात. काही जण तर बांद्र्याच्या माऊंट मेरीला गाठून मोकळे होतात. त्यात कमीपणा नाही. जाळीआड बसून सांगायचं की समोरासमोर, हेही तुमच्यावर आहे. आणि सांगितलेलं बाहेर जाईल ही भीती काढून टाका. फादरांनी ते फोडलं तर शिक्षा थेट चर्चमधून बहिष्काराची आहे. पोलिसांनी विचारलं, कोर्टाने विचारलं, तरी ओठ मिटलेले. ते स्वतःहून तुमच्याशीसुद्धा नंतर तो विषय काढू शकत नाहीत.

एक अपवाद आधीच सांगते. तुमचं लग्न फक्त कोर्टात झालं असेल, किंवा पहिल्या लग्नाचा गुंता सुटलेला नसेल, तर थेट कन्फेशनच्या रांगेत उभे राहू नका. आधी फादरांना ऑफिसात निवांत भेटा. तिथे तो विषय दोन मिनिटांत सुटत नाही आणि पापक्षमा न घेता परत यावं लागलं तर माणूस पुन्हा दहा वर्षं फिरकत नाही. पाहिलंय मी.

आता बोलायचं काय. गुडघे टेकल्यावर क्रुसाची खूण करा आणि म्हणा: "फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन करून मला अमुक वर्षं झाली." वर्षांचा आकडा ऐकून फादर दचकतील असं वाटतं. नाही दचकत. उलट बरेचसे सरसावून बसतात. मग चिठ्ठीवरचं वाचा. शेवटी: "ह्या आणि माझ्या आयुष्यातल्या सर्व पापांबद्दल मला मनापासून दुःख होतं." विसरलेली पापं ह्या वाक्यात येतात. मुद्दाम लपवलेलं येत नाही, आणि लपवून घेतलेली क्षमा मुळात क्षमाच होत नाही.

मुलांचा मी वर्गात सराव घेते. मी खुर्चीवर फादर होऊन बसते, मुलं एकेक येऊन बनावट पापं सांगतात, कारण खरी मला ऐकायचीच नसतात. एका मुलाने छाती फुगवून सांगितलं, "पाच खून." दुसरी चिमुरडी आली ती सांगायला लागली, "माझी ताई मला मारते, ताई खोटं बोलते, ताई डब्यातलं खाते." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मी अगदी तेच करून आले होते.

माझी गोष्ट थोडक्यात अशी. वडील गेल्यावर आमच्या केळीच्या वाडीची वाटणी झाली. विहीर कोणाच्या हिश्श्यात, ह्यावर अडलं. मी चार माणसांसमोर म्हणाले की दादांनी, म्हणजे वडिलांनी, विहिरीकडची बाजू मला तोंडी दिली होती. दिली नव्हती. धाकट्या भावाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. त्यानंतर त्याने पाणी टँकरने घेतलं, मग बोअर मारली, ती खारी निघाली. मी मिस्साला जायची, पण मुद्दाम उशिरा, मागच्या दाराजवळच्या बाकावर. तिथून ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, रांगेत उठलं नाही तरी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. अकरा वर्षं तो बाक माझा होता.

शेवटी गेले तेव्हा चिठ्ठी नव्हती. भावाने आईकडे कसं दुर्लक्ष केलं, भावजय कशी बोलली, आजारपणाचा खर्च कोणी केला, असं दहा मिनिटं चाललं. म्हातारे फादर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमच्या भावाचं कन्फेशन झालं. आता तुमचं?"

म्हणून माझा एकच खास नियम, तो पुस्तकात नाही: प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू करा आणि 'कारण' आलं की थांबा. 'मी खोटं बोलले.' पुढे कारण नको. कारणात नेहमी दुसरा कोणीतरी येतो. माझं पूर्ण कन्फेशन शेवटी दोन वाक्यांचं निघालं.

दुःख पुरेसं झालंय का, हा प्रश्न भाच्यानेही विचारला. रडू यायला पाहिजे असं नाही. देवावरच्या प्रेमाने पश्चात्ताप झाला तर उत्तम. पण पापाची किळस आली, नरकाची भीती वाटली म्हणून का होईना, पाप सोडायचं ठरवून आलात, तरी ह्या संस्कारासाठी तेवढं पुरतं, हे चर्चच्या ट्रेंट परिषदेनेच मान्य केलंय. पाहिजे तो निर्धार. पुढच्या शनिवारी तेच करायचा बेत मनात ठेवून आलात तर फादरांना फसवाल, आणखी कोणाला नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट बायबलमध्ये लूकच्या पंधराव्या अध्यायात जरा नीट वाचा. बापाकडून घेतलेली वाटणी उडवून डुकरं राखायची वेळ आल्यावर तिथेच बसून तो घरी म्हणायचं भाषण पाठ करतो, त्यात शेवटी एक वाक्य असतं की मला मोलकऱ्यासारखा ठेवा. बापासमोर भाषण सुरू होतं, पण ते शेवटचं वाक्य येतच नाही. त्याआधीच बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडायला लागलेला असतो. म्हणजे माफी भाषणावर ठरली नव्हती. पोरगा दूर असतानाच बाप धावत निघाला होता. आमच्यात तारण म्हणतात ते हेच, की कमाई नाही, कृपा. येशूने क्रुसावर जे दिलं ते घ्यायला आपण जातो. चिठ्ठी लिहायची ती आपल्याला आपलं दिसावं म्हणून.

माझी एक नगरची मैत्रीण आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या प्रोटेस्टंट चर्चची. आम्ही एकाच वॉर्डात नर्स होतो. ती म्हणायची, "माणसाकडे कशाला जायचं? आम्ही उपासनेत सगळे मिळून पाप कबूल करतो, थेट देवापाशी." मी योहानाचा विसावा अध्याय काढायचे, तिथे पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करायचा अधिकार देतो. ती इफिसकरांचं पत्र काढायची, कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण. रात्रपाळीत वेळ चांगला जायचा. 1999 साली ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) लोकांनी एका कागदावर सह्या केल्या, की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो आपल्या कर्तबगारीने नाही, कृपेने. तिला कात्रण दाखवलं तर म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते." ह्याविषयी मी इतकंच म्हणेन की देवाला एकटीने सांगताना मी अकरा वर्षं 'कारण' लावत होते. जाळीआडच्या माणसाने ते दोन शब्दांत काढून घेतलं.

तुमचं सांगून झालं की फादर थोडं बोलतील, मग प्रायश्चित्त देतील. पश्चात्तापाची प्रार्थना तुम्हाला म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर चिठ्ठीच्या मागे लिहून न्या, कोणी परीक्षा घेत नाही. त्यानंतर ते हात उचलून पापक्षमेचे शब्द म्हणतात, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तेवढ्या वेळी काही बोलू नका, पुढचं पाप आठवलं तरी नाही. ऐका. शेवटी आमेन. चिठ्ठी घरी नेऊन फाडा, चर्चच्या कचरापेटीत नको.

प्रायश्चित्त बहुतेक वेळा तीन नमो मरिया (मरियेची छोटी प्रार्थना), एखादं स्तोत्र, असं असतं. भाचा म्हणाला, "एवढंच?" एवढंच, कारण ती किंमत नाही. पण दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर ते परत करण्यातून सुटका नाही. बायबलमधल्या जक्कय ह्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटल्यावर येशू म्हणाला की आज ह्या घराला तारण प्राप्त झालं आहे. प्रार्थनेचं प्रायश्चित्त तिथल्या तिथे, बाकावर बसून उरकून घ्या. घरी गेलात की गॅसवर दूध असतं.

मला प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि विहीर अशी दोन्ही मिळाली. रोझरी त्याच संध्याकाळी झाली. विहिरीला तीन आठवडे लागले. मग एके दिवशी सुकेळ्यांचा पुडा घेऊन भावाच्या ओसरीवर गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं की दादांनी तसं काही म्हटलं नव्हतं, मी खोटं बोलले. त्याने पुडा घेतला नाही. "बरं," म्हणाला आणि आत गेला. देवाने क्षमा केली म्हणजे भावाने केली असं होत नाही, आणि ती मागायला फादरांची चिठ्ठी चालत नाही. ह्याची तयारी ठेवूनच जा.

नाताळात तो अजून आलेला नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला विहिरीवरची मोटर सुरू होते, ती त्याची पाळी. मी जागीच असते.