विंडोज टाकल्यावर उबंटू दिसेना? फॉरमॅट मारू नका, आधी हे बघा

मे महिन्यात चोपड्याहून डिप्लोमाचा एक पोरगा भुसावळला माझ्या दुकानात आला. लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही होत्या. त्याने विंडोज नव्याने टाकलं होतं, आणि आता ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा, मेनू येईना, मशीन थेट विंडोजमध्ये जायची. प्रोजेक्टसाठी शेतोशेत फिरून केळीच्या पानांवरच्या करप्याचे फोटो काढलेले, ते सगळे उबंटूत. "भाऊ, सगळं गेलं का हो?" पोराचा चेहरा उतरला होता.

काही गेलं नव्हतं. नव्या मशीनमध्ये ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असतं. विंडोज आणि उबंटू, दोघांची सुरू व्हायची फाइल तिथे आपापल्या फोल्डरमध्ये असते. विंडोज टाकताना ते स्वतःचं नाव यादीत पहिलं लावून घेतं, एवढंच. उबंटूचं फोल्डर बहुतेक वेळा जागेवरच असतं.

म्हणून आधी बायोस, म्हणजे मशीनचं स्वतःचं सेटिंग, उघडा. मशीन चालू होताना एफ२ दाबत राहा. काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट असतं. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, पानावर वर 'विंडोज बूट मॅनेजर' आणि खाली 'उबंटू' दिसेल. त्या पोराच्या यादीत ते तिसऱ्या ओळीवर होतं. ते वर सरकवा, एफ१० ने सेव्ह करा. त्याचं काम इथेच झालं, फोटो सगळे जागेवर. मात्र विंडोज ११ असेल तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोजने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर विंडोजमधला डेटा अडकेल.

यादीत उबंटू नसेलच, तर उबंटूचा पेनड्राइव्ह लावा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. 'इन्स्टॉल'ला चुकूनही हात लावू नका. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच (ईएफआय पार्टिशन वापरणारी नवी पद्धत) सुरू करा, बूट मेनूत त्याच्या नावापुढे तसं लिहिलेलं असतं. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंगने नेट द्या, बूट-रिपेअर नावाचं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर टाका आणि 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. त्याने टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) काही पेस्ट करायला सांगितलं तर जसंच्या तसं करा. इन्स्टॉल करताना ईएफआय पार्टिशनच उडवलं असेल, तरी बहुधा याने जमतं.

आता उलटी अडचण: उबंटू आलं, पण मेनूत विंडोज नाही. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे, ती सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, उघडा. त्यात ओएस-प्रोबर डिसेबल करायची ओळ शोधा, तिच्यापुढे # असेल तर काढा आणि किंमत 'फॉल्स' ठेवा. मग टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब चालवा. 'विंडोज बूट मॅनेजर' सापडल्याची ओळ आली की रीस्टार्ट करा.

विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करा, नाहीतर उबंटूतून विंडोजच्या ड्राइव्हमध्ये काही सेव्ह होत नाही.

आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका. उबंटू मदरबोर्डवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबंटूत टाइमडेटसीटीएल कमांडने 'सेट-लोकल-आरटीसी' १ करा आणि दोन्हीकडची वेळ एकदा तपासा.