घरगुती फराळाची साइट: आषाढापासून दसऱ्यापर्यंतची तयारी

चिवडा आणि शेव बाराही महिने खपतात. चकली, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे यांना खरी मागणी येते ती दसरा उलटल्यावर, आणि वसुबारस आली की कुरिअरच्या ऑर्डरी जवळपास थांबतात. मध्ये जेमतेम सतरा दिवस. घरगुती फराळ विकणाऱ्यांची वर्षाची बरीचशी कमाई या दिवसांत होते, म्हणून तयारीच्या वहीत पहिली ओळ हीच लिहा: होस्टिंग, म्हणजे साइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा, निवडायचं ते वर्षातल्या साध्या दिवसासाठी नाही, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारच्या रात्रीसाठी. त्या रात्री जेवणं झाल्यावर घरात विषय निघतो, ‘यंदा फराळ बाहेरूनच मागवू’ असं कुणीतरी म्हणतं आणि मोबाइल हातात घेतं. तेव्हा तुमचं पान उघडलं नाही तर ते घर दुसरीकडे ऑर्डर देतं, आणि त्याचा विचार बदलायला पुढची दिवाळी उजाडावी लागते.

त्याआधी साइट हवीच आहे का, हे ठरवा. ऑर्डरी सोसायटीतून, नात्यातून, ऑफिसातल्या ओळखीतून येणार असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुरतो. अनोळखी गिऱ्हाईक यायला लागलं, एकाच प्रश्नाचं उत्तर दिवसभर टाइप करावं लागलं, पैसे कुणाचे आले आणि कुणाचे राहिले याची वही जुळेनाशी झाली, की साइटची वेळ आली. पहिली दिवाळी व्हॉट्सॲपवरच काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. कोणता पदार्थ किती जातो आणि आपल्या स्वयंपाकघरातून दिवसाला किती किलो माल निघतो, हा आकडा त्यातूनच हाती येतो. साइटला पुढे तोच आकडा लागतो.

कागदपत्रं आषाढातच उरकून घ्या, कारण एक कागद दुसऱ्यासाठी अडतो. खाण्याचे पदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंद हवी. लहान घरगुती उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते, अर्ज त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो आणि १४ अंकी नंबर मिळतो. तो पाकिटावर छापायचा, आणि जानेवारी २०२२ पासून बिलावरही घालायचा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधारवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा साइट पुष्कळ आहेत, तेव्हा पत्ता नीट वाचूनच माहिती भरा. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टखाली नुसती सूचना द्यावी लागते, तिची पावती मिळते. उद्यम आणि शॉप ॲक्ट हे दोन कागद दाखवले की बँकेत धंद्याच्या नावाने करंट खातं निघतं, आणि पेमेंट गेटवेचं, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं, काम त्या खात्यावर सुरळीत होतं.

जीएसटीत मात्र अनेकांची गफलत होते. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही हे खरं, पण ते राज्यातल्या राज्यात विकलं तर. पुण्याहून बेंगळुरूला एक किलो चकली विकली तरी ती आंतरराज्य विक्री होते, आणि मग उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी लागते. म्हणजे हा निर्णय साइटच्या सेटिंगमध्ये उतरवायचा आहे. एक तर जीएसटी क्रमांक घ्या, नाहीतर डिलिव्हरी महाराष्ट्राच्या पिनकोडपुरती ठेवा. आपले पिनकोड ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात. त्यातला ४०३ गोव्याचा, तो वगळायला विसरू नका. एकदा सीएला विचारून मगच पिनकोडची यादी पक्की करा.

आता डोमेन, म्हणजे साइटचं नाव. ते घेताना भाचा, पुतण्या किंवा साइट बनवून देणारा मुलगा मदतीला असतो, आणि सवयीने नोंद त्याच्याच ईमेलवर होते. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, नंबर बदलतो, आणि तुमच्या धंद्याच्या नावाची किल्ली त्याच्याकडे राहते. हे होऊ देऊ नका. नाव तुमचं, ईमेल तुमचा, ओटीपी येणारा मोबाइल तुमचा, हे स्वतः समोर बसून भरून घ्या. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवलेलं बरं: होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर नाव घेऊन दुसरीकडे जाणं सोपं होतं.

डोमेन कधी घ्यायचं हेही महत्त्वाचं. नवरात्रात घाईने घेतलेल्या डोमेनची मुदत दर वर्षी ऐन हंगामात संपते. आषाढात घेतलं तर नूतनीकरण कायम निवांत काळात येतं. ‘ऑटो रिन्यू चालू आहे’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेटच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी आधी रीतसर मंजुरी लागते, आणि विशेषतः परदेशी कंपन्यांचं असं पेमेंट अनेकदा अडतं. त्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

होस्टिंगकडे वळण्याआधी एक फाटा आहे. घरात कुणी साइटकडे लक्ष देणारं नसेल, दर महिन्याला अपडेट करणारं माणूस नसेल, तर शॉपिफायसारखी तयार दुकानाची सोय घ्या. महिन्याचं भाडं जास्त वाटतं, पण सर्व्हर, सुरक्षा आणि गर्दीची काळजी त्यांची. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडायचं दुकान) स्वतःची साइट उभी करायची असेल तर मुभा पुष्कळ मिळते, पण मग पुढचं सगळं तुम्हाला तपासावं लागेल.

होस्टिंगच्या जाहिरातीतला भाव हा पहिल्या मुदतीचा असतो. नूतनीकरणाचा भाव त्याच पानावर बारीक अक्षरात दिलेला असतो आणि तो दुप्पट-तिप्पटही निघतो. हिशोब त्या भावावर करा, वर १८ टक्के जीएसटी धरा. चार वर्षांचे पैसे आगाऊ भरून स्वस्त पडतं खरं, पण ज्यांच्याकडे अजून एकही दिवाळी काढलेली नाही त्यांच्याकडे चार वर्षं अडकून पडू नये. आधी एकच वर्ष घ्या.

मग ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे काय आहे ते विचारा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असू शकतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर, मेमरी आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची मर्यादा बांधून दिलेली असते. फराळाच्या साइटला हीच शेवटची मर्यादा नडते. बेसन लाडवाचं पान कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, दाखवता येतं, त्याचा सर्व्हरवर भार पडत नाही. पण गिऱ्हाइकाने लाडू कार्टमध्ये टाकले, पिनकोड भरला, पैसे द्यायला गेलं, की प्रत्येक पायरीला सर्व्हरला नव्याने काम करावं लागतं, डेटाबेस उघडावा लागतो. मर्यादा वीसची असेल तर त्याच क्षणी आलेल्या एकविसाव्या माणसाला ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असं पांढरं पान दिसतं. त्याला त्यातलं काहीही कळत नाही, त्याला वाटतं दुकान बंद आहे. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: एका वेळी किती कामं (प्रोसेस) चालतात, मर्यादा ओलांडली की काय होतं, आणि फक्त दोन महिन्यांसाठी मोठा प्लॅन घेऊन नंतर परत खाली येता येतं का. तिसऱ्या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणणारी कंपनी हंगामी धंद्याला सगळ्यात सोयीची.

हे प्रश्न शनिवारी रात्री दहाला विचारा, सोमवारी सकाळी नको. उत्तर किती वेळात येतं, माणूस लिहितो की ठरलेलं वाक्य चिकटवलं जातं, हे तेव्हाच कळेल. दिवाळीत तुमची अडचण रात्री दहालाच येणार आहे.

‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे साइट इतका वेळ चालू राहील, हा आकडा सगळेच लावतात. त्याचा अर्थ महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. नुसतं ९९ टक्के असेल तर ती मुभा सात तासांच्या वर जाते. ही मिनिटं कोणत्या दिवशी जातील हे कुणी सांगत नाही, आणि भरपाई म्हणून सहसा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या ऑर्डरी मिळत नाहीत. त्यामुळे हमीच्या आकड्यापेक्षा त्या कंपनीचे जुने ग्राहक काय सांगतात त्याला वजन द्या. सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात असावा. गिऱ्हाईक नाशिकला आणि सर्व्हर अमेरिकेत असेल तर प्रत्येक क्लिकला थोडा थोडा उशीर साठत जातो. एसएसएल प्रमाणपत्रासाठी (गिऱ्हाइकाची माहिती वाटेत सुरक्षित ठेवणाऱ्या) वेगळे पैसे मागत असतील तर तो प्लॅन सोडून द्या, लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात.

बॅकअपबद्दल, म्हणजे साइटच्या राखीव प्रतीबद्दल, मात्र जरा जास्त हट्टी व्हा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत जळून गेली. बॅकअप त्याच जागी होता अशा कित्येक ग्राहकांचा डेटा परत मिळालाच नाही. कंपनी रोज बॅकअप घेते का, किती दिवसांचा ठेवते, परत आणायचे पैसे घेते का, हे विचाराच. शिवाय आठवड्यातून एकदा, आणि हंगामात रोज, एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर किंवा वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा.

आणि तो बॅकअप एकदा परत आणून बघा. मराठी साइटला याची जास्त गरज आहे, कारण डेटाबेसची अक्षरप्रणाली चुकीची असेल तर परत आणल्यावर ‘खुसखुशीत भाजणीची चकली’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. डेटाबेस ‘यूटीएफ-८ एमबी-४’ वर आहे याची खात्री करा. लेबलचा मजकूर छापखान्यातून श्रीलिपीत (छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये) आला असेल तर तो तसाच साइटवर चिकटवू नका, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. पानाचा पत्ता रोमन लिपीत ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब ओळ होते आणि लोक ती लिंक उघडायला घाबरतात. ऑर्डरीचा एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर एका मेसेजात ७० अक्षरंच मावतात, इंग्रजीत १६०. मजकूर आधीच आटोपशीर लिहून ठेवा.

पेमेंट गेटवेचा अर्ज श्रावणात करा. ते साइट तपासतात: संपर्काचा पत्ता, परताव्याचे नियम, गोपनीयतेचं पान, सगळं हवं असतं. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार कुणाकडे करायची तेही लिहावं लागतं, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते. कार्डाचे नंबर आपल्या साइटवर कधीही साठवू नका, ते काम गेटवेचं. यूपीआयचा एक त्रास आधीच ओळखून ठेवा. गिऱ्हाईक पैसे देतं, ॲपमधून परत साइटवर न येता फोन बंद करतं, आणि तुमच्याकडे ऑर्डर ‘पेंडिंग’ दिसते. गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचं गेटवेने थेट साइटला कळवण्याची सोय, नीट जोडला असेल तर ती आपोआप ‘पेड’ होते. एक रुपयाची ऑर्डर करून, मुद्दाम फोन बंद करून, हे तपासा.

गणपतीत घरचे सगळे जमतात, तेव्हा चाचणी घ्या. आरती झाल्यावर काका, मावश्या, चुलत भावंडं यांना एकाच वेळी साइट उघडायला सांगा, वायफाय बंद करून, आपापल्या मोबाइल डेटावर. एकाच मिनिटात सगळ्यांनी अर्धा किलो चकली कार्टमध्ये टाकायची आणि पत्ता भरायचा. साठीतल्या आत्याबाई पिनकोडच्या चौकटीत अडल्या तर ती चौकट बदला, त्यांना शिकवत बसू नका. साइट इथेच अडखळली तर प्लॅन वाढवायला अजून महिना हाताशी असतो. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नसलं तरी बॅकअप परत आणून बघायला आणि पासवर्ड बदलायला तो पंधरवडा उत्तम. घटस्थापनेनंतर साइटवर एकही नवं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) चढवायचं नाही, कितीही आकर्षक असलं तरी.

नवरात्रात ऑर्डरी घ्यायला सुरुवात करा, आणि सुरू करण्याआधी प्रत्येक पदार्थापुढे साठ्याचा आकडा भरा. दिवसाला सहा किलो लाडू वळले जात असतील आणि हाताशी दहा दिवस असतील तर साठा ६० किलो, त्यावर एक पाव किलोही नाही. अनारशाचं पीठ व्हायला वेळ लागतो, त्याची ऑर्डर इतरांच्या आधी बंद करा. ओल्या नारळाच्या करंज्या कुरिअरने पाठवू नका, त्या घरून नेणाऱ्यांनाच द्या. आतल्या जिल्ह्यांसाठी शेवटची तारीख कोजागिरीनंतरचा तिसरा-चौथा दिवस, आणि आपल्याच शहरासाठी त्याच्या आठवडाभर पुढची. ती तारीख पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात असू द्या.

भाऊबीज झाली की दोन-तीन दिवस झोप काढा. मग ऑर्डरींची पूर्ण यादी स्वतःकडे उतरवून घ्या, होस्टिंगचा प्लॅन खाली आणा, आणि ज्यांच्या चकल्या वाटेत मोडल्या त्यांना स्वतः फोन करा.