एनएमएमएसची तयारी करताना छोट्या शाळांनी या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की एनएमएमएससाठी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या आठवीच्या मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी, ठरलेले फोन सुरू होतात. "सर, आठवीत चौदाच पोरं आहेत, एनएमएमएस तोंडावर आली, कुठलं गाइड आणू?" फोन करणारे शिक्षक मनापासून काम करणारे असतात, म्हणून जास्तच वाईट वाटतं. गाइड कुठलंही आणा, गुण जिथे गळतात ती जागा वेगळीच असते आणि दरवर्षी तीच असते.

नवीन शिक्षकांसाठी थोडक्यात सांगतो. परीक्षा आठवीच्या मुलांची. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे ९०. प्रत्येक पेपरला ९० मिनिटं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. मजुरी करणाऱ्या घरात मुलीचं शिक्षण दहावीनंतर चालू राहणार की नाही, हे कधीकधी एवढ्या रकमेवर ठरतं. राज्याचा कोटा ११,६८२ मुलांचा आहे. तो जिल्हा आणि संवर्ग यांनुसार वाटला जातो. त्यामुळे नुसतं पास होऊन भागत नाही, यादीत नाव यावं लागतं, आणि यादीच्या काठावर एकेका गुणाला किंमत असते.

गुण बघून निदान करणं, उत्तरपत्रिका न बघता

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते.

एकदा केंद्रस्तरीय सराव परीक्षा झाली आणि शाळांनी एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असं ठरलं. माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यात एका मुलीला बौद्धिक क्षमतेत ९० पैकी ३० गुण होते. आधीच्या सरावातही असेच पडले होते, म्हणून शाळेने तिला 'कच्च्या' गटात टाकलं होतं. रोज शाळा सुटल्यावर तिला थांबवून अक्षरमाला, सांकेतिक भाषा, पुन्हा अक्षरमाला असं चालू होतं. पोरगी स्वतःही म्हणायला लागली होती, "मला बुद्धिमत्ता जमत नाही."

तिची प्रश्नपत्रिकाही गठ्ठ्यातच होती. प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर वाटलेल्या पर्यायावर पेन्सिलने बारीक टिंब दिलेलं. प्रश्नपत्रिका आणि गोळे रंगवायची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून ओळीने बघत गेलो. सतराव्या प्रश्नापर्यंत दोन्ही जुळत होत्या. अठरावा प्रश्न आकृतीचा, वेळखाऊ. तो तिने 'नंतर बघू' म्हणून सोडला आणि एकोणिसाव्याचं उत्तर अठराव्या ओळीत रंगवलं. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर. शेवटी नव्वदावी ओळ रिकामी उरली, तिथे तिने ३ नंबरचा गोळा भरून टाकला होता. पेन्सिलच्या टिंबांवरून गुण मोजले तर ६१ भरले.

म्हणजे मुलीला येत होतं. शिकवण्याची गरज होती ती ओळ सांभाळायची, आणि शाळा तिला कित्येक आठवडे अक्षरमाला घोटवत होती. हे त्या शाळेतल्या मंडळींना सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "एवढ्या उत्तरपत्रिका बघायला वेळ कुणाला आहे?" चौदा मुलांच्या शाळेत वेळ नसेल तर कुठे असेल? आपल्याकडे मुलं कमी आहेत. मोठ्या शाळांना जे परवडत नाही ते आपल्याला परवडतं. एकेका मुलाला शेजारी बसवून त्याची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर बघता येते.

माझी पद्धत अशी आहे. जुलैपासून वर्गातली दहा गुणांची चाचणीसुद्धा गोळ्यांवरच. छापील कागद लागत नाही, वहीच्या पानावर मुलं स्वतः आखतात, एका ओळीत चार गोळे. उत्तरपत्रिकेवर पट्टी ठेवायची आणि ती एकेक ओळ खाली सरकवायची. गोळा रंगवण्याआधी प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक ओठातल्या ओठात म्हणायचा, "अठरा, अठरा." प्रश्न सोडलाच तर प्रश्नपत्रिकेवर त्याच्या क्रमांकाभोवती गोल करायचा आणि पट्टी रिकाम्या ओळीवरून पुढे न्यायची. 'आधी सगळे प्रश्न सोडवू, गोळे शेवटी एकदम रंगवू' हे माझ्या वर्गात चालत नाही. प्रश्नाला मिळतं एक मिनिट, त्यातच वाचायचं, विचार करायचा आणि गोळाही काळा करायचा. नुसते ९० गोळे नीट भरायला किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून मुलांना दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि सरावाचे पेपर कमी घ्या. आठवड्याला तीन पेपर घेऊन नुसते गुण फळ्यावर लिहिणाऱ्यापेक्षा पंधरा दिवसांत एकच पेपर घेऊन चुकलेला प्रत्येक प्रश्न मुलाबरोबर बघणारा शिक्षक मला मोलाचा वाटतो. चुकलेल्या प्रश्नापुढे मी मुलालाच कारण लिहायला लावतो: येत नव्हतं, वाचताना चुकलं, हिशेबात चुकलं की गोळा चुकला. महिनाभर हे केलं की कुणाला काय शिकवायचं ते वहीच सांगते.

ट्रिक आधी, समज नंतर

मोबाइलवर 'दहा सेकंदांत उत्तर' सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि घाई झालेले शिक्षक तेच फळ्यावर उतरवतात. आरशातल्या घड्याळाचं उदाहरण घ्या. ट्रिक सगळ्यांना पाठ: ११:६० मधून वेळ वजा करा. ३:२० चं आरशात ८:४० दिसतं, बरोबर. आता त्याच मुलाला १२:१५ द्या. ११:६० मधून १२:१५ जात नाही, पोरगं अडकतं आणि पर्यायांतला दिसेल तो गोळा रंगवतं. मग त्याला दुसरी ट्रिक सांगायची, की बारा वाजून गेले असतील तर २३:६० मधून वजा कर. पुढे पाण्यातलं प्रतिबिंब आलं की तिसरी. परीक्षेच्या खोलीत या तिन्ही एकमेकींत मिसळतात, आणि आरशाच्या प्रश्नाला पाण्याची ट्रिक लागते.

मी मुलांना पातळ कागदावर घड्याळ काढायला लावतो, १२:१५ चे काटे, आकडे न लिहिता. कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरायचा. पावणेबारा दिसतात. आठ-दहा घड्याळं अशी बघितली की डावं-उजवं बदलतं आणि वर-खाली तसंच राहतं, हे डोळ्यांत बसतं. मग पाण्यासाठी तोच कागद खालून वर उलटायचा. यात दोन तास जातात, हो. पण त्यानंतर ट्रिक सांगितली तरी मुलाला ती कुठे लागते आणि कुठे नाही ते कळतं. ज्यांना हे दोन तास जड वाटतात, त्यांचे परीक्षेपर्यंतचे तास ट्रिका पाठ करून घेण्यातच जातात.

बुद्धिमत्तेच्या नादात समाजशास्त्र वाऱ्यावर

शालेय क्षमता चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० प्रश्नांचं आहे. म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मिळून गणितापेक्षा १५ गुणांनी जास्त. तरी तयारीचं वेळापत्रक बघावं तर गणित आणि बुद्धिमत्ता, गणित आणि बुद्धिमत्ता. समाजशास्त्र 'मुलं घरी वाचतील' म्हणून सोडलेलं. आठवीतल्या मुलाला नुसतं 'घरी वाच' म्हटलं की ते धडा वरवर चाळतं, आणि वस्तुनिष्ठ प्रश्न वरवरच्या वाचनाला बरोबर पकडतो. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?' असा प्रश्न असतो, पोरगं पहिलं खरं विधान दिसताच खूश होऊन गोळा रंगवतं. यावर माझा एकच इलाज: प्रश्नातल्या 'नाही', 'अयोग्य', 'विसंगत', 'वगळता' या शब्दांखाली आधी रेघ, मग पर्याय वाचायचे.

भूगोलातली स्थानिक वेळ हा हमखास गोंधळ. एका रेखांशाला चार मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं, पण मिळवायची की वजा करायची यात निम्मा वर्ग चुकतो. गणिताचे सर म्हणतात भूगोलाचं आहे, भूगोलाचे सर म्हणतात आकडेमोड आहे. छोट्या शाळेत बहुतेक वेळा दोन्ही विषय एकाच माणसाकडे असतात, तरी हा धडा मधेच लोंबकळतो. नकाशा भिंतीवर लावा. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व, नागपूर ७९ अंश. सूर्य आधी कुणाच्या डोक्यावर येईल? नागपूरच्या. किती आधी? सहा चोक चोवीस मिनिटं. पूर्वेकडचं घड्याळ पुढे, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात, नियम सांगावा लागत नाही.

सातवीचं पुस्तकही बाहेर काढा. प्रश्न सातवी आणि आठवी दोन्हींच्या अभ्यासक्रमावर असतात, आणि सातवीची पुस्तकं बहुतेकांनी मागच्या वर्गाला देऊन टाकलेली असतात.

पटापट काही

प्रश्न कोरा सोडू देऊ नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटची तीन मिनिटं उरलेले गोळे भरायला राखून ठेवा.

आठवीच्या शिष्यवृत्तीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे. एनएमएमएसमध्ये एकच. जुने शिष्यवृत्तीचे पेपर सरावाला वापरत असाल तर हे मुलांना आधी सांगा.

एकदा तरी दोन्ही पेपर एकाच दिवशी, मधल्या सुट्टीसह घ्या. दुसऱ्या पेपरला मुलं पेंगतात, आणि ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

चौदांतली चार हुशार निवडून त्यांचीच तयारी करू नका. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, एवढ्यात बसणारं प्रत्येक मूल परीक्षेला बसलं पाहिजे. कोण वर येईल हे जुलैत कुणालाच माहीत नसतं. मागच्या बाकावरचं गप्प पोरगं आकृत्यांच्या प्रश्नांत सगळ्यांच्या पुढे गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

निकालानंतर हात झटकणं

यादीत नाव आलं, पेढे वाटले, सत्कार झाला आणि पैसे मात्र आलेच नाहीत, अशी मुलं दर तालुक्यात सापडतील. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. आधारवर 'वैष्णवी' आणि शाळेच्या दाखल्यावर 'वैश्नवी' असेल, किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नसेल, तर सगळं तिथेच अडतं. म्हणून नावाची दुरुस्ती सातवीतच करून घ्या. परीक्षेचा अर्ज भरताना धावपळ करून ती होत नाही, आणि तलाठी कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांची मजुरी बुडते, तेव्हा तेही आधीच सांगून ठेवा.

आपली शाळा आठवीपर्यंतच असते, मूल नववीला दुसऱ्या गावी जातं. तिथे ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच चालू राहते. पालकांनी हौसेने विनाअनुदानित शाळेत घातलं की ती बंद. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) मिळाले तरच अकरावीला पुढे मिळते. ही माहिती दाखला देताना पालकांना समोर बसवून सांगा, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलाचं नाव स्वतः फोन करून कळवा. पोर्टलवर नूतनीकरण त्यांच्या शाळेतून होणार असतं, आणि आपलं मूल एनएमएमएसधारक आहे हे त्यांना आपोआप कळत नाही.