अमृतसर, थंडीच्या तोंडावर: मोजे आधी, बाकीचं नंतर

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा मध्य हा अमृतसरला जायचा बरा काळ. त्याआधी गेलात तर शेतात भाताची धसकटं जाळल्याचा धूर हवेत असतो आणि घसा धरतो. नंतर गेलात तर धुकं असं पडतं की वेळापत्रक नुसतं वाचायला उरतं. गुरू नानक जयंती कार्तिक पौर्णिमेला असते. रोषणाई आणि आतषबाजी बघायची असेल तर मुद्दाम तेव्हा जा, नाहीतर तिच्या आगेमागचे दिवस टाळा, कारण सुवर्णमंदिराजवळ खोली मिळत नाही. या काळात दुपारचं तापमान साधारण २० ते २५ आणि पहाटेचं ५ ते १०. मुंबई-पुण्याचा माणूस दुपारचा आकडा बघून बॅग भरतो आणि तिथेच चुकतो. अमृतसरमध्ये बघण्यासारखं बरंचसं पहाटे आणि सूर्य मावळल्यावर असतं, आणि तेही अनवाणी.

म्हणून यादीत पहिलं नाव मोज्यांचं. माणशी दिवसाला तीन जोड. हो, तीन. हरमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, बूट चालत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मोजेही चालत नाहीत, ते बाहेरच काढायचे. प्रत्येक दारात उथळ पाण्याचा हौद आहे, पाय त्यात बुडवूनच आत जायचं आणि बाहेर पडतानाही बहुतेकदा त्यातूनच यायचं. परिक्रमेचा संगमरवर दिवसातून कैकदा धुतला जातो, त्यामुळे तोही ओला. थंडीत चालायच्या वाटेवर पट्ट्या अंथरतात, पण रांग जिथे थांबेल तिथे तुम्ही उभे, खाली पट्टी असो वा नसो. शनिवार-रविवारी ही रांग तास-दीड तास सहज खाते. मग बाहेर येऊन ओल्या पायांवर तेच मोजे चढवले की ते भिजतात, बुटाचं अस्तर भिजतं, आणि ते बूट दिवसभर वाळत नाहीत. बंद बुटात हवा नाही, बाहेर ऊन कोवळं, आणि रात्री हॉटेलच्या खोलीत धुतलेला मोजा सकाळी जसाच्या तसा गार लागतो. पहाटे, दुपारी, रात्री असं तीनदा दर्शन झालं तर तीन जोड लागतातच.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. पातळ लोकरीचे किंवा लोकर मिसळलेले घ्या, ते भिजले तरी ऊब सोडत नाहीत आणि लवकर सुकतात. सोबत हात पुसायच्या आकाराचा एक पंचा, तोही माणशी एक, कारण पहिल्याने पाय पुसले की दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. कोरडे मोजे आणि पंचा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती जॅकेटच्या खिशात ठेवायची. खिशातच. बुटात कोंबून जोडाघरात (चपला-बूट ठेवायच्या जागी) दिली तर परत मिळाल्यावर पाय पुसायला बसाल कुठे आणि कसे, तिथे मागे माणसं उभी असतात. हॉटेलच्या बॅगेत ठेवलेले मोजे तर नसल्यातच जमा. हौदातून बाहेर या, कडेच्या कोरड्या जागी बसा, बोटांच्या मधली जागासुद्धा पुसा, मग कोरडा मोजा, मग बूट. मधुमेह असलेल्यांनी हे अजिबात टाळू नये. पायांची जाणीव कमी असेल तर गार फरशीवर किती वेळ झाला ते कळत नाही, आणि ओल्या बोटांच्या फटीतली चीर लक्षात यायला दोन दिवस जातात. अशा माणसाने पहाटेचं दर्शन सोडून दुपारी बारा ते तीनमध्ये जावं, तेव्हा फरशीवर ऊन असतं.

बूट नाडीचे नकोत, पाय सरकवून घालता येतील असे हवेत. दिवसातून सहा-सात वेळा काढायचे-घालायचे आहेत, कारण दुर्गियाना मंदिरही आहे आणि गल्लोगल्लीचे गुरुद्वारेही. घरातल्या सगळ्यांचे जोड मावतील अशी एक मोठी कापडी पिशवी न्या. ती जोडाघरात एकत्र देता येते आणि एकच टोकन सांभाळावं लागतं. कोणत्या दाराच्या जोडाघरात दिली ते मात्र लक्षात ठेवा. घंटाघराच्या बाजूने आत गेलात आणि लंगरच्या, म्हणजे सामुदायिक जेवणाच्या, बाजूने बाहेर पडलात तर अनवाणी अर्धी फेरी मारावी लागते.

विजारीची तळपट्टी हा दुसरा चोर. मोठ्या घेराची जीन्स, जमिनीला टेकणारी सलवार, साडीचा काठ, हे सगळं हौदात बुडतं आणि जीन्स तर संध्याकाळपर्यंत वाळत नाही. आत शिरण्याआधी दुमडून वर घ्या.

बाकी कपडे: आतला उबदार संच एक, स्वेटर एक, वारा अडवणारं जॅकेट एक. त्याहून जास्त घरून नेऊ नका, लोकरीचं सामान तिथे चांगलं आणि स्वस्त मिळतं, लुधियाना फार लांब नाही. पहिल्या पहाटेपुरतं मात्र अंगावर हवं, दुकानं दहानंतर उघडतात. डोकं झाकायला सुती रुमाल किंवा ओढणी. दाराशी रुमाल फुकट मिळतात, पण सकाळपासून किती डोक्यांवर फिरून आले असतील ते आपापलं ठरवा. कानटोपी घातली असेल तर तिच्यावरूनही रुमाल बांधा, दारावरच्या सेवादारांशी, म्हणजे सेवा करणाऱ्यांशी, वाद घालू नका. तंबाखू, विडी, सिगारेट खिशातसुद्धा नको. पायाच्या टाचांना आणि ओठांना काहीतरी लावायला न्या, तिथली हवा कोरडी असते. खोबरेल तेलाची बाटली नेऊन उपयोग नाही, ते तिथे बाटलीतच थिजतं.

खोली घेताना दोनच प्रश्न विचारा: गिझर दिवसभर चालतो की सकाळी दोनच तास, आणि माणशी रजाई किती. खोल्या आतून गरम केलेल्या नसतात, फरश्या दगडी असतात आणि पहाटे साडेतीनला उठणाऱ्याला 'सहानंतर गरम पाणी' हे उत्तर चालत नाही. गुरुद्वारे चालवणाऱ्या शिरोमणी समितीच्या निवासांमध्ये स्वस्तात राहता येतं, पण मुक्काम मोजक्या दिवसांचाच मिळतो आणि गर्दीच्या दिवशी भरवसा धरू नये. सामान घेऊन टाऊन हॉलपासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर चालत किंवा ई-रिक्षाने जावं लागतं, गाडी दारात येत नाही. चाकांची बॅग न्या.

गुरू ग्रंथसाहिबाची पहाटेची पालखी बघायची असेल तर हिवाळ्यात ती पाचच्या सुमाराला अकाल तख्तावरून निघते, वेळ महिन्यागणिक थोडी बदलते. आदल्या रात्री सेवादाराला विचारून घ्या. तास-दीड तास आधी पोचायचं म्हणजे सगळ्यात गार वेळेला फरशीवर उभं राहायचं. खिशात मोजे आहेत ना? मग जा. परिक्रमा सरोवर उजव्या हाताला ठेवून करायची. गाभाऱ्यात फोन काढायचा नाही. कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा तुपाळ शिरा, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा, त्याचं तूप हाताला राहतं, त्यासाठी वेगळा रुमाल ठेवा. पाय पुसायचा पंचा त्याला वापरला की गोंधळ. लंगर चोवीस तास चालू असतो. पंगतीत बसलं की रोटी हात पुढे करून घ्यायची, ताटात घेतलेली वाया घालवू नये, भूक असेल तेवढंच मागावं. तिथेही अनवाणीच बसायचं असतं, आणि जेवणानंतर बाहेरची फरशी भांड्यांच्या पाण्याने निसरडी झालेली असते, म्हाताऱ्यांचा हात धरा.

जालियनवाला बाग तिथून चालत पाच मिनिटांवर. १३ एप्रिल १९१९ च्या गोळ्यांच्या खुणा भिंतींवर जपलेल्या आहेत. २०२१ मध्ये नूतनीकरण झालं, त्यामुळे जुन्या फोटोंसारखी बाग दिसणार नाही. टाऊन हॉलमधलं फाळणी संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे बघूनच दिवस ठरवा. त्याला दोन तास द्या. दगडी इमारत आहे, आत बाहेरच्यापेक्षा गार वाटतं, आणि सकाळच्या दर्शनाहून थेट तिथे जाणारे ओल्या मोज्यांनी दालनांतून कुडकुडत फिरतात. बदला आधी.

पाकिस्तानच्या सीमेवरची अटारी सुमारे ३० किलोमीटरवर. थंडीत ध्वजावतरणाचा सोहळा चार-साडेचारच्या सुमाराला असतो, कारण सूर्य साडेपाचच्या आधीच मावळतो. दोनपर्यंत पोचलात तर बसायला बरी जागा मिळते. सीमा सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावर जागा आधी नोंदवता येते, ओळखपत्र मूळ हवं. पिशवी आत नेता येत नाही, म्हणून जे लागेल ते अंगावर. पायऱ्या काँक्रीटच्या, दुपारी त्या तापलेल्या असतात आणि पाचला गार पडतात, बसायला वर्तमानपत्राची घडी न्या. एप्रिल २०२५ पासून फाटकं बंदच ठेवतात आणि दोन्ही बाजूंचं हस्तांदोलन होत नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. परतीची टॅक्सी आधीच ठरवा. सगळे एकाच वेळी निघतात.

खाण्याचं सांगायला नको, पण कुलचा सकाळीच खा, चांगली कुलचेवाली दुकानं दुपारपर्यंत आटोपतात. सरसों का साग आणि मक्याची रोटी या दिवसांत ताजी असते. तूप जपून, पहिल्याच दिवशी तिन्ही वेळा नको.

एक दिवस जास्त असेल तर घुमान. नामदेवांचं उत्तरायुष्य जिथे गेलं असं मानतात ते गाव, गुरदासपूर जिल्ह्यात, टॅक्सीने दीडेक तास. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं, आणि नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. धुकं असेल तर दहानंतर निघा आणि अंधार पडायच्या आत परत या. तिथेही गुरुद्वारा आहे, म्हणजे मोजे.

येण्या-जाण्याचं: मुंबईहून गोल्डन टेंपल मेल आणि पश्चिम एक्सप्रेस, नांदेडहून सचखंड एक्सप्रेस. सचखंडमध्ये वाटेतल्या काही स्थानकांवर लंगर देतात, त्यासाठी डबा आणि ताट आपलं न्या. १ डिसेंबरनंतर रेल्वे धुक्यामुळे काही गाड्या रद्द करते, तिकीट काढताना ती यादी बघा. दिल्लीला गाडी बदलायची असेल तर मध्ये किमान सहा तास ठेवा. विमानाने परतणार असाल तर दुपारचं घ्या, धुकं पहाटे दोनपासून नऊ-दहापर्यंत सगळ्यात दाट असतं.

परतीच्या बॅगेत पिन्नी (कणकेचे लाडू) आणि वड्या (डाळीच्या, मसालेदार, सुकवलेल्या). फुलकारी, म्हणजे भरतकामाची ओढणी, घासाघीस करून. निघायच्या दिवशी सकाळी आपल्या गाडीचा नंबर न बघता ती ज्या गाडीच्या डब्यांनी सुटते ती, म्हणजे मुंबईहून किंवा नांदेडहून येणारी जोडगाडी, कुठवर पोचली आहे ते बघा. ती अंबाल्यालाच सहा तास उशिरा असेल तर तुमची वेळेवर सुटणार नाही, खोली तेवढा वेळ वाढवून घ्या.